नळीची दोन टोके

पवईसारख्या वस्तीत धर्मगुरू म्हणून राहताना यंत्रांविषयीचे कौतुक अंगवळणी पडते. एका बाजूस तलाव, दुसऱ्या बाजूस १९५८ साली सुरू झालेली आय.आय.टी. आणि साकीविहार रस्त्याच्या अंगाने उभे राहिलेले कारखाने. आमच्या धर्मग्रामातील कित्येक घरांची चूल दोन-दोन पिढ्या या कारखान्यांच्या भोंग्यावर पेटली. त्यामुळे मिस्सा संपल्यावर कोणी आमच्यापुढे एखाद्या यंत्राचे चित्र धरले तर आम्हांस नवल वाटत नाही. गेल्या वर्षी ऑक्टोबर महिन्यातील एका रविवारी मात्र वाटले.

दाराशी एक वृद्ध जोडपे उभे होते. काकांचे सारे आयुष्य कारखान्याच्या टूलरूममध्ये गेलेले. लेथवर बसलेला त्यांचा हात निवृत्तीनंतरही स्वस्थ राहत नाही, चर्चमधली घंटेची कप्पी आणि कबाटांची कुलुपे तेच दुरुस्त करतात. त्यांनी मोबाईलवरचे एक छायाचित्र आम्हांस दाखविले. त्यांचा मुलगा बरीच वर्षे अमेरिकेत नोकरीला आहे. त्याने तेथील एका प्रदर्शनातून दीडशे वर्षांपूर्वीचे रिव्हॉल्व्हर विकत घेऊन दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात ठेवले होते.

“फादर, बिजागरी बघा,” काका म्हणाले. “दीडशे वर्षांनंतरही सूतभर फट नाही. त्या काळी हे हाताने बसवलंय!”

मावशी चित्राकडे पाहतच नव्हत्या. त्या एवढेच म्हणाल्या, “फादर, मला यंत्रातलं काही कळत नाही. घरात ते ठेवणं पाप आहे का, तेवढं सांगा.”

पुढच्या रविवारी बोलू, असे सांगून आम्ही वेळ मारून नेली. प्रश्न सोपा वाटला होता. आठवडाभर विचार केल्यावर तो तसा उरला नाही. वाचकहो, त्या आठवड्यात आम्ही जे वाचले आणि जे मनात घोळले ते आपल्यापुढे ठेवीत आहोत. आपल्यापैकी अनेकांची मुले परदेशात आहेत, आणि जुन्या वस्तूंचा मोह तर सर्वांनाच आहे.

प्रथम त्या वस्तूविषयी. तिचे नाव स्कोफिल्ड. काउबॉयच्या चित्रपटांनी कोल्टच्या रिव्हॉल्व्हरचे नाव जगभर केले. ‘शोले’ (१९७५) पाहिलेल्या आपल्या पिढीलाही रिव्हॉल्व्हरचे फिरते चक्र आणि त्यातली सहा घरे ठाऊक आहेत. स्कोफिल्डचे नाव मात्र संग्राहकांच्या वर्तुळाबाहेर फारसे कोणी ऐकलेले नसते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात स्प्रिंगफील्ड येथे स्मिथ अँड वेसन हा कारखाना होता. त्याने १८७० च्या सुमारास एक नवी घडण बाजारात आणली. तिची नळी बिजागरीवर पुढे झुकत असे, आणि ती झुकताच चक्रातली सारी रिकामी काडतुसे एका झटक्यात बाहेर पडत. कोल्टमध्ये तीच काडतुसे बाजूच्या झडपेतून एकेक करून काठीने ढकलून काढावी लागत.

या नव्या घडणीत एक अडचण होती. तिचा खटका नळीवर बसविलेला असल्याने ती उघडण्यास दोन्ही हात लागत, आणि घोडेस्वाराचा एक हात तर लगामात गुंतलेला. घोडदळातील मेजर जॉर्ज स्कोफिल्ड या अधिकाऱ्याने ही अडचण हेरली. त्याने खटका नळीवरून काढून सांगाड्यावर, अंगठ्याच्या टप्प्यात आणला आणि १८७१ साली आपल्या सुधारणेचे पेटंट घेतले. आता स्वार एका हाताने शस्त्र उघडू शकत होता. अमेरिकन सैन्याने १८७५ ते १८७७ या काळात अशी सुमारे आठ हजार रिव्हॉल्व्हरे विकत घेतली.

तरीही स्कोफिल्ड मागे पडले, आणि त्याचे कारण मोठे साधे होते. कोल्टचे काडतूस किंचित लांब, स्कोफिल्डचे आखूड. आखूड काडतूस कोल्टमध्ये चाले, पण लांब काडतूस स्कोफिल्डच्या चक्रात बसत नसे. दूरच्या छावणीवर चुकीची पेटी पोहोचली तर अधिक चांगले शस्त्रही निरुपयोगी ठरणार. सैन्याने अखेर कोल्टलाच पसंती दिली आणि स्कोफिल्ड मोडीत काढली. त्यांतील काही वेल्स फार्गो या मालवाहतूक कंपनीने आपल्या रखवालदारांसाठी घेतली आणि सुटसुटीत व्हावीत म्हणून त्यांच्या नळ्या कापून आखूड केल्या.

पुढच्या रविवारी आम्ही हे सांगितले, तेव्हा काकांचा चेहरा उजळला. “म्हणजे हुशारी केली, पण एका मापावरून हरला,” ते हळहळून म्हणाले. टूलरूममध्ये आयुष्य घालविलेल्या माणसाचीच ती हळहळ होती. मग ते म्हणाले, “फादर, यंत्राला कसलं आलंय पाप? सुरीने भाजी चिरतात, सुरीने गळाही चिरतात. सुरीचा काय दोष?”

सेमिनरीत आम्हांस शिकविलेले नीतिशास्त्र काकांच्याच बाजूने उभे राहते. पाप लोखंडात नसते, माणसाच्या कृतीत आणि हेतूत असते. संत थॉमस अक्वायनस यांनी तर याहून बारकाईचा भेद केला आहे. कारागिरी आणि विवेक हे दोन्ही बुद्धीचेच गुण, परंतु कारागिरीचे माप घडविलेल्या वस्तूवरून ठरते आणि विवेकाचे माप वागणाऱ्या माणसावरून. उत्तम कारागीर दुष्ट असू शकतो, सज्जनाच्या हातून वाकडी खुर्ची बनू शकते. म्हणून बिजागरीची वाखाणणी करण्यात काकांचे काही चुकत नाही. माणसाला देवाने दिलेल्या बुद्धीचेच ते कौतुक आहे. न्याय्य स्वसंरक्षणाचा हक्क आणि निरपराधांना वाचविण्याचे पोलिसांचे व सैनिकांचे कर्तव्यही ख्रिस्तसभेने कधी नाकारलेले नाही.

पण याच भेदातून पुढचा प्रश्न निघतो. वस्तू कशी घडविली याचे उत्तर कारागिरी देते. ती घरात कशासाठी ठेवावी, कोणाला दाखवावी, तिच्याकडे पाहून आपल्या मनात काय उठते, हे प्रश्न विवेकाचे आहेत. सुरी भाजीसाठी घडवितात आणि तिचा गैरवापर होतो. रिव्हॉल्व्हर मात्र माणसावर रोखण्यासाठीच घडविले जाते. खटका दोन बोटे मागे घेण्यासाठी स्कोफिल्डने जी बुद्धी वेचली, ती धावत्या घोड्यावरून माणसांवर पुन्हा लवकर गोळ्या झाडता याव्यात म्हणून वेचली. त्या बिजागरीचे सौंदर्य आणि तिचे प्रयोजन यांची फारकत करता येत नाही.

काकांचा दुसरा मुद्दा अधिक टोकदार होता. “फादर, आता त्याला दीडशे वर्षं झाली. मुलगा म्हणतो, तिकडचा कायदाही त्याला शस्त्र मानत नाही.”

हे खरे आहे. अमेरिकेच्या १९६८ च्या बंदूक नियंत्रण कायद्यानुसार १८९८ किंवा त्यापूर्वी घडविलेले हत्यार ‘पुराणवस्तू’ ठरते आणि केंद्रीय कायद्याच्या बहुतेक बंधनांतून सुटते, मग ते चालू स्थितीत का असेना. आपल्याकडील १९५९ च्या शस्त्र अधिनियमातही जुन्या घडणीच्या आणि पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या हत्यारांना सूट आहे. परंतु ते हत्यार दुरुस्तीनेही गोळी झाडू शकणार नाही, याकडे आपला कायदा पाहतो. एक कायदा सालाकडे बघतो, दुसरा लोखंडाच्या अवस्थेकडे. दोघांनाही कोठे तरी रेघ ओढावीच लागते आणि त्याबद्दल त्यांना दोष देता येत नाही. आमच्यापुढचा प्रश्न निराळा होता. सद्सद्विवेकबुद्धीलाही अशी एखादी तारीख असते काय? १८९८ च्या डिसेंबरात बनलेले हत्यार निरागस आणि १८९९ च्या जानेवारीत बनलेले संशयास्पद, असे मन मानील काय?

यावर काका काही बोलणार, तोच आतापर्यंत गप्प असलेल्या मावशी बोलल्या. त्या जे बोलल्या ते आम्हांस या धर्मग्रामात इतकी वर्षे राहूनही माहीत नव्हते. नव्वदच्या दशकाच्या आरंभी, मुंबईत टोळ्यांची वैरे भर रस्त्यात चुकती होत असत त्या दिवसांत, त्यांचा धाकटा भाऊ रात्रपाळी संपवून घरी येत होता. भांडण त्याचे नव्हते, तो फक्त वाटेत होता. वय तेवीस. “यांना बिजागरी दिसते,” मावशी म्हणाल्या. “मला भोक दिसतं. सदऱ्याला पडलेलं. एवढंसं होतं, फादर. आईने तो सदरा रफू करून ठेवला होता.”

काका खाली मान घालून उभे राहिले. आम्हीही काही बोललो नाही. धर्मगुरूने बोलू नये असे काही क्षण असतात.

त्या दिवसापासून एक गोष्ट आमच्या मनात पक्की झाली. बंदुकीच्या नळीला दोन टोके असतात. एका टोकाशी मूठ असते, चाप असतो, कारागिराची मोहर असते. संग्राहक तेच टोक हातात धरतो आणि पाहतो. दुसऱ्या टोकापुढे एक माणूस उभा असतो, आणि कपाटात ठेवलेल्या हत्यारापुढून तोच तेवढा नाहीसा झालेला असतो. हत्यार जुने होते म्हणजे नेमके काय होते? लोखंडाचा स्वभाव बदलत नाही. फक्त दुसऱ्या टोकाशी उभा असलेला माणूस आणि त्याच्यासाठी रडणारी माणसे काळाच्या ओघात निघून जातात. सदरा रफू करणारी आई गेली, की हत्यार पुराणवस्तू होते. ज्याला आपण काळाने दिलेली क्षमा म्हणतो, ते पुष्कळदा केवळ आपले विस्मरण असते.

स्कोफिल्डच्या दुसऱ्या टोकाशी कोण होते? ज्या मुलखाला अमेरिकन लोक ‘फ्रंटियर’ म्हणजे सरहद्द म्हणत, तो कोमान्ची, कायोवा, अपाची या लोकांना सरहद्द वाटत नव्हता. ते त्यांचे घर होते. मेजर स्कोफिल्ड ज्या दहाव्या घोडदळात होता, त्यातले शिपाई कृष्णवर्णीय होते. अमेरिकेतील गुलामगिरी १८६५ साली कायद्याने संपली आणि लगेच १८६६ साली हे दल उभारले गेले. नुकत्याच सुटलेल्या माणसांच्या हाती शस्त्र देऊन त्यांना दुसऱ्या नाडलेल्या माणसांवर पाठविण्यात आले. चित्रपटांतल्या काउबॉयच्या मागे हा इतिहास आहे, आणि काचेच्या कपाटात तो दिसत नाही.

दुसऱ्या टोकाशी आणखी एक माणूस होता. १७ डिसेंबर १८८२ रोजी अ‍ॅरिझोनातील फोर्ट अपाची या छावणीत जॉर्ज स्कोफिल्डने स्वतःच्या रिव्हॉल्व्हरने आपले जीवन संपविले. त्याच्या मनात काय चालले होते याचा निवाडा करणारे आम्ही कोण? अशा दुखावलेल्या जिवांना देवाच्या दयेवर सोपवून त्यांच्यासाठी प्रार्थना करणे एवढेच आपल्या हाती असते. परंतु ही हकिगत वाचल्यापासून ते छायाचित्र आम्हांस पूर्वीसारखे पाहता आले नाही. ज्या अंगठ्यासाठी त्याने तो खटका सोयीचा केला, त्या हाताने स्वतःलाही सोडले नाही.

जुन्या हत्याराचे मोल कशाने वाढते याचाही विचार करू या. २०२१ च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिस येथे बोनहॅम्सच्या लिलावात एक कोल्ट रिव्हॉल्व्हर साठ लाख डॉलरहून अधिक किमतीला गेले. तशीच दुसरी कोल्ट त्याच्या एका लहानशा अंशाने मिळतात. मग हिलाच एवढी किंमत का? कारण १४ जुलै १८८१ च्या रात्री न्यू मेक्सिकोतील फोर्ट सम्नर येथे शेरीफ पॅट गॅरेट याने तिनेच ‘बिली द किड’ या फरारी तरुणाला अंधाऱ्या खोलीत ठार केले. बिली तेव्हा जेमतेम एकवीस वर्षांचा होता. तो गुन्हेगार होता आणि गॅरेट कायद्याचा माणूस होता, हे सारे मान्य. तरीही साठ लाखांतला मोठा वाटा एका मृत्यूचा आहे, हे नाकारता येईल काय? तो मृत्यू वजा केला तर उरते ते चांगल्या कारागिरीचे एक जुने लोखंड.

आता कोणी म्हणेल, हे अमेरिकेचे खूळ, आपल्याकडे असे नाही. तसे मुळीच नाही. किल्ल्यांवरच्या तोफांवर मुलांना बसवून आपण हौसेने छायाचित्रे काढतो. जुनी तलवार पाहिली की हात आपोआप मुठीकडे जातो. शौर्याचे स्मरण ठेवणे वाईट नाही. परंतु आपल्याच इतिहासातली एक निराळी गोष्ट येथे आठवते. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला जिंकला, तेव्हा आपल्या पूर्वजांच्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठे घेऊन गेले. त्यांपैकी काही भीमाशंकरला, नाशिकच्या नारोशंकर मंदिराला आणि इतरत्र अजून टांगलेल्या आहेत. वसईकर मंडळी कधी त्या घंटांपाशी उभी राहतात, तेव्हा त्यांच्या मनात पूर्वीचे वैर उरलेले नसते. लुटीची ती घंटा तीन शतकांच्या जवळपास कोणाच्या तरी प्रार्थनेसाठी वाजत राहिली. तिला नुसत्या वर्षांनी शुद्ध केले नाही, रोज तिला हात लावणाऱ्या श्रद्धावंतांनी केले. इनिगो लोयोलाने १५२२ साली माँत्सेरात येथे मरियेच्या वेदीपाशी आपली तलवार ठेवली, तेव्हा ती तलवार नवीच होती. तिचा अर्थ एका रात्रीत बदलला, कारण माणूस बदलला होता.

आणि घराघरांत, गळ्यागळ्यांत असलेली जी खूण आहे, ती तरी मुळात काय होती? रोमन साम्राज्याचे देहदंडाचे साधन. मावशींच्या गळ्यात त्या दिवशीही तो क्रूस होता. दोन हजार वर्षे उलटली म्हणून आपण त्याला वंदन करीत नाही. आपण त्याच्यावरच्या माणसाला कधी खाली उतरू दिले नाही, म्हणून करतो. क्रूसाकडे पाहताना खिळ्यांच्या घडणीचे कौतुक करण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. जखमा समोर असतात. मारण्याच्या साधनाचे पावित्र्यात रूपांतर होते ते याच वाटेने, मेलेल्याला नजरेआड न करता.

तर मग मावशींच्या प्रश्नाचे उत्तर काय? आम्ही त्यांना सांगितले ते असे. ते हत्यार घरात असणे एवढ्यानेच पाप होत नाही. मुलाने कायदा मोडलेला नाही आणि त्याच्या मनात कोणाचे वाईट नाही. परंतु तीन गोष्टी त्याच्यावर बंधनकारक आहेत, आणि त्या आईने त्याला सांगाव्यात. एक, त्या घरात त्याचे काडतूस कधीही येऊ नये आणि कपाटाला कुलूप असावे, कारण घरात लहान मुले आहेत व कायद्याने पुराणवस्तू ठरविलेले हत्यारही गोळी झाडू शकते. दोन, मुलांना ते दाखविताना नळीच्या दोन्ही टोकांची गोष्ट सांगावी, अर्धी सांगू नये. तीन, ज्या दिवशी ते हातात घेऊन आपण कोणी मोठे आहोत असे त्याला वाटू लागेल, त्या दिवशी ते घराबाहेर काढावे, मग त्याची किंमत कितीही असो.

काकांनी तिन्ही मुद्दे खिशातल्या डायरीत उतरवून घेतले. मावशी म्हणाल्या, “सांगेन. पण मी त्याच्या दिवाणखान्यात बसणार नाही.” त्यांना आग्रह करण्याचा अधिकार आमच्याकडे नव्हता. काही जखमांना नीतिशास्त्राचे उत्तर पुरत नाही, आणि ते पुरावे अशी अपेक्षाही करू नये. मुलाने ते रिव्हॉल्व्हर ठेवले की विकले, हे आम्ही अद्याप विचारलेले नाही.

नोव्हेंबर लागला. मृतांच्या स्मरणदिनासाठी लोक दरवर्षीप्रमाणे आपापल्या माणसांच्या नावांच्या चिठ्ठ्या वेदीपाशी ठेवू लागले. मावशींची चिठ्ठी आम्ही ओळखतो. आईवडील, सासूसासरे, आणि शेवटी भावाचे नाव. या वेळी मात्र भावाच्या नावाखाली आणखी एक ओळ होती. अक्षर काकांचे होते, टूलरूममध्ये ड्रॉइंगवर लिहितात तसे सरळ, मोजून मापून काढलेले: ‘जॉर्ज स्कोफिल्ड, १८८२.’

दोन्ही नावे आम्ही त्या संध्याकाळी वेदीवरून एकापाठोपाठ वाचली.